दोनच रकाने

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याऐंशी सालची. त्या वर्षी टेकडीच्या उतारावरच्या वस्तीत पाण्याची योजना आली. योजना म्हणजे बावीस सार्वजनिक नळ, खालच्या रस्त्यापासून वरच्या आळीपर्यंत, एकेका गल्लीच्या तोंडाशी एकेक. तोवर सगळी वस्ती रस्त्यावरच्या एकाच टाकीवर पाणी भरत होती. ज्याचं घर जितकं वर, तितक्या त्या घरच्या बायका ताठ मानेच्या, असं लोक गमतीने म्हणत. मान ताठ असे ती डोक्यावरच्या हंड्यामुळे.

योजनेच्या कागदांत एक अट होती. नळ बसले की नाही, पाणी येतं की नाही, याची पाहणी वस्तीतल्याच माणसांनी करायची, आणि तीही बिनपगारी. अशा माणसांना 'देखरेख स्वयंसेवक' म्हणायचं होतं. वस्तीत देखरेख हा शब्द तान्ह्या मुलांसाठी नाहीतर अंथरुणाला खिळलेल्यांसाठी वापरला जाई. त्यामुळे नळाला आता भरवायचं की झोपवायचं, अशी थट्टा सुरू झाली. तरी सात जण तयार झाले.

त्यांचे पुढारी होते पोस्टमनकाका. नुकतेच निवृत्त झालेले. तीस वर्षं हाच उतार चढून-उतरून पत्रं वाटलेली, त्यामुळे कुठलं दार पहिल्या हाकेला उघडतं आणि कुठलं तिसऱ्या, हे त्यांना पाठ होतं. त्यांनीच काजमावशीला यात ओढलं.

काजमावशी तेव्हा अडतीस वर्षांची होती. ती तीन शिंप्यांच्या दुकानांची काजं-बटणं घरी आणून करायची. शर्टांचे गठ्ठे शेजारी घेऊन दिवसभर खिडकीत बसलेली असायची. शर्ट विरेल पण काजमावशीचं काज उसवणार नाही, असं तिन्ही शिंपी म्हणत आणि तरी दर शनिवारी कापड उलटून काज तपासत. शाळा सहावीपर्यंत झाली होती. लग्नानंतर गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्यांपलीकडे तिने काही लिहिलं नव्हतं. पोस्टमनकाकांनी सांगितलं, अक्षर सुवाच्य हवं आणि माणूस खोटं न लिहिणारं हवं, तेव्हा ती लगेच हो म्हणाली आणि मग नवऱ्याला विचारलं.

नवरा रंगारी. दारं-खिडक्या रंगवायचा, दुकानांच्या पाट्या लिहायचा. तो म्हणाला, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. एवढं बोलून तो पुन्हा ब्रश धुवायला लागला, म्हणजे त्याची ना नव्हती.

खरी ना होती ती थोरल्या जाऊबाईंची. भाऊ वेगळे झाले तेव्हा थोरल्यांनी हौसेने वरच्या आळीतलं घर घेतलं होतं, वारा चांगला म्हणून. वारा होता, पाणी नव्हतं. टाकीपासून त्यांच्या दारापर्यंत एकशे बारा पायऱ्या, आणि जाऊबाईंचे गुडघे त्या वर्षी बोलायला लागले होते. आमच्याकडे नळाचा पत्ता नाही आणि ही निघाली लष्कराच्या भाकरी भाजायला, असं त्या टाकीवर चारचौघींत म्हणाल्या. ते खाली पोचायला फारसा वेळ लागला नाही.

स्वयंसेवकांचं शिक्षण एका दुपारी शाळेच्या खोलीत झालं. ते द्यायला प्रकल्पाच्या ऑफिसातले साहेब आले होते. चहा पितानाही त्यांच्या काखेत फाइल असे, म्हणून त्यांचं नाव फाइलसाहेब पडलं. माणूस सज्जन, पण घाईत. त्यांनी प्रत्येकाला चिमटा लावलेली एक लाकडी पाटी, पेन्सिल, कार्बन आणि छापील फॉर्मांचा गठ्ठा दिला.

फॉर्म मुख्य कचेरीत छापलेला होता. पहिल्या रकान्यात नळाचा क्रमांक. मग 'स्थिती', आणि तिच्याखाली दोनच रकाने, 'चालू' आणि 'बंद'. मग 'धार', म्हणजे एक बादली भरेपर्यंत किती आकडे मोजून होतात ते. शेवटी 'शेरा'. दोनांपैकी एका रकान्यात खूण हवीच. रिकामा रकाना चालणार नाही, फॉर्म परत येईल, हे फाइलसाहेबांनी तीनदा सांगितलं. काही शंका आहे का, असंही विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. शंका यायला आधी काम सुरू व्हावं लागतं.

दर शनिवारी दुपारी सात जण सात वाटांनी निघत. काजमावशीच्या वाट्याला बारा ते बावीस हे नळ आले होते, म्हणजे सगळी चढण. बसलेल्या नळाखाली ती बादली ठेवायची, तोटी पूर्ण सोडायची आणि मोजायची. ऑफिसने दिलेलं घड्याळ एकट्या पोस्टमनकाकांकडे होतं. पण काज करताना टाके मोजायची वर्षानुवर्षांची सवय, त्यामुळे तिचे आकडे घड्याळाशी एक-दोनच्या फरकाने जुळत. ते पाहून फाइलसाहेबांनी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. आपलं अक्षर कुठल्याशा मोठ्या कचेरीत जातंय, कुणीतरी खुर्चीत बसून ते वाचतंय, याचं तिला मनातल्या मनात अप्रूप होतं. शनिवारी ती गठ्ठे सकाळीच उरकून ठेवू लागली.

एप्रिलमध्ये वरच्या आळीत खोदकाम सुरू झालं. सतरा ते बावीस या सहा नळांसाठी सिमेंटचे खांब उभे राहिले. त्यांवर आकडे घालायचं काम तिच्या नवऱ्यालाच मिळालं. त्याने पांढऱ्यावर निळे, टपोरे आकडे काढले. खांबांच्या पुढे मात्र खडक होता. चार मजूर पहारी घेऊन तो फोडत होते.

त्या शनिवारी सतराव्या खांबासमोर काजमावशी पेन्सिल हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. 'चालू' की 'बंद'? चार माणसं उन्हात घामाघूम होऊन पहारी मारतायत आणि आपण त्यांच्या तोंडावर 'बंद' लिहायचं? काम तर डोळ्यांसमोर चालू होतं. रिकामं ठेवायची सोय नव्हती. तिने 'चालू'खाली खूण केली. धार मोजण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून तिथे आडवी रेघ मारली. सहा नळांना सहा खुणा आणि सहा रेघा. असे अकरा शनिवार गेले.

जुलैमध्ये मजूर आले नाहीत. पुढच्या शनिवारीही आले नाहीत. वर आणून ठेवलेले पाइप एक दिवस गाडीत भरून परत गेले. काजमावशीने खूण 'बंद'खाली नेली आणि शेऱ्यात लिहिलं, "माणसं आली नाहीत." जे दिसलं ते लिहिलं. तिच्या मनात तसूभरही शंका नव्हती.

सातही जणांचे फॉर्म पोस्टमनकाका महिन्याच्या एका तक्त्यावर उतरवून काढत. तक्त्यात कुठल्या आठवड्यात कुठला नळ चालू आणि कुठला बंद एवढंच मागितलं होतं. धार आणि शेरा त्यात नव्हता. काकांनी जन्मभर पत्रं न वाचता पोचवली होती, तीच शिस्त त्यांनी इथे लावली.

ऑक्टोबरात वरच्या आळीच्या नावाने ऑफिसचं पत्र आलं. ते घेऊन थोरल्या जाऊबाई स्वतः काजमावशीच्या घरी उतरल्या. पाण्याशिवाय त्या खाली येत नसत, त्यामुळे काजमावशीने सुई अर्ध्या काजात थांबवली.

पत्रात लिहिलं होतं की नळ क्रमांक सतरा ते बावीस अकरा आठवडे चालू होते आणि त्यानंतर ते बंद पडल्याचं स्वयंसेवकांच्या नोंदींवरून दिसतं. चार आठवड्यांपेक्षा जास्त चाललेल्या नळाची दुरुस्ती करारानुसार रहिवाशांनी करायची असते. ती त्यांनी लवकर करून घ्यावी.

"मला एवढंच सांग," जाऊबाई दारातच बसत म्हणाल्या, "दुरुस्त काय करू? खांब?"

काजमावशीने पत्र पुन्हा वाचलं.

"अकरा आठवडे आमच्या दारात पाणी वाहत होतं आणि आम्हा मेल्यांना पत्ता नाही. आम्ही झोपल्यावर यायचं का गं ते?"

काजमावशी उठली. पत्र्याच्या पेटीतून तिने कार्बनच्या प्रती काढल्या आणि एप्रिलपासून एकेक उलटत गेली. सगळं तिच्याच हातचं होतं, सुवाच्य. 'चालू' हा छापील शब्द तिने आजवर पन्नासदा पाहिला असेल. आज ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"ताई, मी काम चालू आहे म्हणून लिहिलं."

"आणि त्यांनी?"

"त्यांनी नळ चालू आहे असं वाचलं."

 जाऊबाई गुडघ्यावरून हात फिरवत बसल्या. मग उठल्या, पत्र तिथेच ठेवलं आणि म्हणाल्या, "मग जाऊन सांग. तुझ्याच हातचं आहे, तुझ्याच तोंडून जाऊ दे."

काजमावशी त्याच दिवशी पोस्टमनकाकांकडे गेली आणि दोघं मिळून ऑफिसात. फाइलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, कार्बनच्या प्रती पाहिल्या, आणि आडव्या रेघांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी सांगितलं ते असं. बावीसपैकी बावीस नळ बसल्याचा अहवाल कधीच वर गेला आहे. पाइप दुसऱ्या कामावर गेले आहेत. पुढच्या मंगळवारी मुख्य कचेरीतून मूल्यमापनाला बाई येणार आहेत, आणि त्या मुख्यतः हेच पाहणार आहेत की स्वयंसेवकांच्या नोंदींवर विश्वास ठेवता येतो की नाही. त्यांचं समाधान झालं तर आणखी बारा वस्त्यांत अशीच माणसं नेमली जातील. नाही झालं तर ही पद्धतच मोडीत निघेल.

"चूक तुमची एकटीची आहे असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण सहा नळांपायी बारा वस्त्या आहेत, बाई. तूर्त राहू द्या. पुढच्या वर्षी दुरुस्तीच्या नावाखाली मी काहीतरी बसवतो."

"तसं लिहून द्याल?"

फाइलसाहेबांनी फाइल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

परतताना पोस्टमनकाका चढावर दोनदा थांबले, एरवी थांबत नसत. त्यांनी तिला बजावलं नाही, विनवलंच. एक चूक कबूल केली की पोतं उसवलं म्हणून समज, मग कुणाचंच काही खरं धरणार नाहीत. बाकीच्या पाच जणांनी पायपीट केली ती फुकट जाईल. आणि शेवटी, तिच्याकडे न पाहता म्हणाले, तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्यांचे कागद पोचवले, माझ्या सहीने गेलेलं हे पहिलंच काम.

काजमावशीला त्यांचा राग आला नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच अडचण होती. पाहणीचं काम तिलाही जिवाभावाचं झालं होतं. पण ती गप्प राहिली तर कागदावर वरच्या आळीत कायमचे सहा नळ राहणार होते, आणि कागदावर एकदा नळ असला की खरा नळ बसवायला कुणी येणार नव्हतं.  एका शिंप्याने त्या आठवड्यात तिचे दोन शर्ट परत पाठवले, काजं वाकडी झाली म्हणून. असं पूर्वी झालं नव्हतं.

मंगळवारी बाई आल्या. 'मूल्यमापन' हा शब्द वस्तीच्या तोंडी बसेना, म्हणून सकाळी अकरापर्यंत त्यांच्या मापबाई झाल्या होत्या. माप घ्यायला येतायत म्हणजे तुझ्याच धंद्यातल्या की, असं रंगारी बायकोला म्हणाला. ती हसली नाही, तेव्हा तो ब्रश धुवायला गेला.

मापबाई पन्नाशीच्या, सपाट चपलांच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी बावीस चिठ्ठ्या करून तीन उचलल्या. तीन, आठ आणि चौदा. तिन्ही नळ जाऊन पाहिले, स्वतः बादली लावली, घड्याळ पाहिलं आणि फॉर्मातल्या आकड्यांशी ताडून पाहिलं. तिन्ही जुळले. चौदावा तर काजमावशीचाच. शितावरून भाताची परीक्षा झाली आणि भात चांगला निघाला. फाइलसाहेबांचा चेहरा उजळला.

मग सगळे शाळेच्या खोलीत जमले. वरच्या आळीच्या पाच-सहा बायकाही येऊन दाराशी उभ्या राहिल्या. त्यांना बोलायचं होतं, पण जाऊबाईंनी त्यांना अडवलं होतं. तिचं ती बोलेल, नाही बोलली तर मग बघू, असं ठरलं होतं. मापबाईंनी वही मिटता मिटता विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. पोस्टमनकाका जमिनीकडे पाहत होते.

काजमावशी उभी राहिली.

"चिठ्ठीत न आलेला एक नळ तुम्ही बघावा असं मला वाटतं."

"कितवा?"

"सतरावा."

मापबाईंनी तक्त्यावरून बोट फिरवलं. "तो बंद आहे. नोंद आहे इथे."

"बंद नाही, बाई. नाहीच तो."

"म्हणजे तेच ना?"

"तेच कसं? बंद पडायला आधी नळ लागतो."

मागे कुणीतरी फिस्कन हसलं आणि लगेच थांबलं. काजमावशीने मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. मजूर, पहारी, दोन रकाने, रिकामं न ठेवण्याची ताकीद, आडव्या रेघा. आवाज न चढवता, गठ्ठ्यात किती शर्ट आले आणि किती झाले हे शिंप्याला सांगावं तसं. रकाना अपुरा होता हे खरं, पण मी विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही, असंही म्हणाली. फाइलसाहेब खिडकीबाहेर पाहत होते.

मापबाईंनी वही पुन्हा उघडली. "असं दुसऱ्या कुणाच्या फॉर्मातही झालं असेल का?"

खोलीतल्या सगळ्यांना कळलं की खरा प्रश्न हा आहे. 'नाही' म्हटलं असतं तर चूक एकटीची राहिली असती, सहा नळांचं काम मार्गी लागलं असतं आणि बाकी सगळं वाचलं असतं. पोस्टमनकाकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"झालं असेल," काजमावशी म्हणाली. "आम्हा सगळ्यांना एकाच दुपारी शिकवलं. नाही झालं असं मी सांगू शकत नाही."

मापबाईंनी ते लिहून घेतलं.

मग त्या वर गेल्या, एकशे बाराच्या एकशे बारा पायऱ्या चढून, मध्ये दोनदा दम खात. सहा खांब होते, आकडे सुबक होते, तोटी एकालाही नव्हती. एकोणिसाव्या आणि विसाव्या खांबाला दोरी बांधून कुणीतरी कपडे वाळत घातले होते. तोटीसाठी सोडलेल्या भोकात मापबाईंनी बोट घालून पाहिलं. जाऊबाईंनी त्यांना बसायला पाट दिला आणि पाणी विचारलं. त्या नको म्हणाल्या. पाणी कुठून आणलेलं आहे ते त्यांनी आत्ताच मोजलं होतं.

अहवाल दोन महिन्यांनी आला. त्यात दोन गोष्टी होत्या. वरच्या आळीचं काम अपुरं आहे, ते आधी पुरं करावं. आणि स्वयंसेवकांच्या नोंदी पूर्णपणे विश्वासार्ह मानता येत नाहीत, म्हणून बारा वस्त्यांत पाहणीसाठी पगारी माणूस नेमावा. चूक कुणी सांगितली, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. जानेवारीत एका शनिवारी फाइलसाहेबांचा शिपाई येऊन सातही पाट्या, उरलेले फॉर्म आणि घड्याळ घेऊन गेला. पुढे जो नवा फॉर्म छापला गेला त्यात 'काम अपूर्ण' असा तिसरा रकाना होता. तो भरायला पगारी निरीक्षक दोन महिन्यांतून एकदा यायचा आणि खालच्या रस्त्यावर उभा राहूनच भरायचा.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात वरच्या आळीत पाणी आलं. सहापैकी पाच नळ बसले. बाविसाव्याचा खडक फुटला नाही, तो खांब तसाच राहिला.

फाइलसाहेबांची त्याच वर्षी बदली झाली. पुढे ते मोठ्या हुद्द्यावर गेले. फॉर्म कसे तयार करावेत हे शिकवायला त्यांना ठिकठिकाणी बोलावत असत असं ऐकिवात होतं. मापबाई वस्तीत पुन्हा आल्या नाहीत.

पोस्टमनकाका काजमावशीशी दोन वर्षं बोलले नाहीत. रस्त्यात समोर आली तर पलीकडच्या बाजूने जात. तिच्या मुलीच्या लग्नाला मात्र आले, पंगत उठेपर्यंत थांबले आणि जाताना मुलीच्या हातात पाकीट देऊन गेले. नंतर ते मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेले आणि एकोणनव्वद साली तिथेच वारले. ती बातमी वस्तीत दीड महिन्याने पोचली.

रंगाऱ्याला पुढे दम्याने धरलं. रंगाच्या वासाने दम लागतो, असं डॉक्टरने सांगितल्यावर त्याने ब्रश खाली ठेवला, आणि दोन वर्षांनी तोही गेला.

थोरल्या जाऊबाईंनी अठराव्या नळाचं पाणी चौदा वर्षं भरलं. काजमावशीचे आभार त्यांनी कधी मानले नाहीत. आल्यागेल्याला मात्र त्या सांगत की मी म्हटलं म्हणून ती बोलली, नाहीतर तिच्या तोंडून शब्द फुटला नसता. अखेरीस गुडघे पार गेले तेव्हा त्या वरचं घर विकून काजमावशीकडे राहायला आल्या. दोघी सहा वर्षं एका खोलीत राहिल्या आणि रोज भांडल्या.

तयार शर्ट आले, काजाची यंत्रं आली आणि तिन्ही शिंप्यांनी हातकाज बंद केलं. काजमावशी मग इस्पितळाच्या धुलाईखान्यात फाटक्या चादरी शिवायला लागली आणि साठाव्या वर्षापर्यंत तिथेच होती. आता मुलीकडे असते. डोळ्यांना फारसं दिसत नाही. वरच्या आळीतलं कुणी भेटायला आलं की, तुमच्यामुळे आमच्याकडे सहा नळ आले, असं हटकून म्हणतं.

"पाच," ती म्हणते.